दोन अँटेना, दोन डिश एकत्र जोडाव्यात का? सातारा-सांगलीकडचे नेहमीचे प्रश्न

टीव्ही नीट दिसेना झाला की पहिला विचार हाच येतो की अजून एक अँटेना नायतर अजून एक डिश आणून बसवू, दोन्ही वायरी एकत्र करू, सिग्नल डबल. सिग्नलची अशी बेरीज होत नाही. कधी जोडून फायदा होतो, कधी उलट होता तो सिग्नलही जातो, तेच खाली प्रश्नाप्रश्नानं लिहिलंय. ज्याला जे पाहिजे तेवढं वाचा.

स्लॅबवर जुना काड्यांचा अँटेना आहे. तसाच अजून एक बसवून दोन्ही जोडले तर फुकटात चॅनेल येतील का?

नाही येणार, आणि यात अँटेनाचा काही दोष नाही. टॉवरवरनं येणारं दूरदर्शनचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपणच बंद झालंय. टप्प्याटप्प्यानं करत ३१ मार्च २०२२ पर्यंत देशभरातले जवळजवळ सगळे ट्रान्समीटर थांबवले, सीमेकडचे वगैरे पन्नासेक मोक्याचे तेवढे ठेवले. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर अजून खालनं दिसतो म्हणून लोकांना वाटतं अजून काहीतरी येत असेल, पण तुमच्या काड्यांना पकडायला आता टीव्हीचं काही उरलेलं नाही. २०१६ मध्ये दूरदर्शननं १६ शहरांत टॉवरवरनं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद होती, सातारा-सांगली नव्हतं.

मग ऑनलाइन ते चपटे "डिजिटल अँटेना" विकतात, शेकडो चॅनेल फ्री म्हणून, ते काय आहे?

ते परदेशातल्या लोकांसाठी आहेत, तिकडं टॉवरवरनं डझनावारी डिजिटल चॅनेल येतात. मिरजेत किंवा कराडात खिडकीला चिकटवून काय उपयोग? पैसे घालवू नका, एवढंच उत्तर.

पण आमच्या वडिलांनी पूर्वी दोन अँटेना एकावर एक लावले होते आणि फरक पडला होता. ते खोटं होतं का?

अजिबात खोटं नव्हतं. त्याला स्टॅकिंग म्हणतात आणि त्याचं गणित पक्कं आहे, फक्त अटी लई कडक आहेत. दोन्ही अँटेना एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, तोंड एकाच टॉवरकडं, मधलं अंतर बरोबर, आणि दोघांपासून जोडणीपर्यंतची वायर तंतोतंत सारख्या लांबीची पाहिजे. एक वायर हातभर लांब झाली तरी तिच्यातली लहर उशिरा पोचते आणि दोघी मिळून वाढण्याऐवजी एकमेकींना मारतात. सगळं जमलं तरी जास्तीत जास्त ३ डेसिबल मिळतात, म्हणजे पॉवर दुप्पट. दुप्पट ऐकायला मोठं वाटतं पण वायरीच्या एका खराब सांध्यात तेवढं सहज जातं.

आणि बरेच जण वेगळंच करायचे, एक अँटेना एका टॉवरकडं आणि दुसरा दुसऱ्या टॉवरकडं तोंड करून दोन्हीच्या चपट्या वायरी सोलून पीळ मारून एकत्र. मग प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसायची. तो प्रकार म्हणजे एकच सिग्नल दोन रस्त्यांनी येऊन थोडा मागंपुढं पोचला की होतो. शिवाय त्या चपट्या वायरी ३०० ओहमच्या आणि गोल काळ्या वायरी ७५ ओहमच्या, दोन्हीच्या मधे बालून, म्हणजे दोन वेगळ्या वायरींचा मेळ घालणारा छोटा जोड, लागतो, तो कोण लावायचं नाही.

ठीक आहे, आता सगळ्यांकडं छत्रीच आहे. डीडी फ्री डिशच्या दोन छत्र्या एकाच सॅटेलाइटकडं लावून एकत्र केल्या तर सिग्नल वाढेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फ्री डिशचे चॅनेल जीसॅट-१५ वरनं येतात, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. तिथनं येणारी फ्रिक्वेन्सी साधारण ११ गिगाहर्ट्झच्या घरातली, एवढी वरची फ्रिक्वेन्सी वायरीतनं घरात आणता येत नाही म्हणून छत्रीच्या दांड्यावरचा एलएनबी ती खाली उतरवतो. उदाहरणार्थ ११०९० मेगाहर्ट्झचा टीपी, म्हणजे ट्रान्सपाँडर, सॅटेलाइटवरनं एका फ्रिक्वेन्सीवर येणारा चॅनेलांचा गठ्ठा, घ्या. एलएनबीच्या आत ९७५० चा ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची ठरावीक लहर तयार करणारा भाग, चालू असतो, ११०९० वजा ९७५० म्हणजे १३४०, एवढाच वायरीतनं बॉक्सपर्यंत येतो.

आता मेख इथं आहे. दोन छत्र्या म्हणजे दोन एलएनबी, म्हणजे दोन स्वतंत्र ऑसिलेटर, आणि स्वस्तातल्या एलएनबीत ते कधीही नेमके ९७५० वर नसतात, उन्हानं तापले की एक इकडं सरकतो, दुसरा तिकडं. भजनात दोन पेट्या जरा जरा वेगळ्या सुरात लावल्यावर जे होतं तेच बॉक्सच्या आत होतं. सिग्नल वाढणं लांबच, क्वालिटीची पट्टी खाली येते नाहीतर शून्यच होते. साध्या स्प्लिटरनं (एका वायरीच्या दोन करायच्या डबीनं) दोन एलएनबी एकत्र करणं हे घरगुती पातळीवर कधीच चालत नाही, कुणी चालतं म्हणून सांगितलं तर त्याच्या घरी दुसरी छत्री बहुतेक नुसती शोभेला आहे आणि सगळं काम पहिलीच करतेय.

मग सिग्नल वाढवायचा असेल तर?

एकच छत्री, पण मोठी. ६० सेंटिमीटरच्या जागी ७५ ची लावली तर जवळजवळ २ डेसिबल वाढतात, ९० ची लावली तर साडेतीन. म्हणजे दोन छत्र्या अगदी आदर्शपणे जोडता आल्या असत्या तर जे मिळालं असतं त्यापेक्षा ९० ची एकटी जास्त देते, आणि खर्चही कमी.

पण त्याच्या आधी आहे तीच छत्री नीट लावलीय का बघा. दहातल्या आठ घरी तिथंच गडबड असते.

नीट म्हणजे कशी? आमचा डिशवाला नुसता अंदाजानं फिरवून गेला.

सातारा आणि सांगली दोन्हीकडं कंपासवर साधारण १३० अंश, म्हणजे आग्नेय दिशा. उंची सुमारे ६० अंश, साताऱ्यात जरा कमी, सांगलीत जरा जास्त. छत्री दिसायला उभी दिसते म्हणून फसू नका, या ऑफसेट प्रकारच्या छत्र्या त्यांच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असतात.

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडं दुर्लक्ष करा, ती नुसती काहीतरी येतंय एवढंच सांगते, त्यात नॉइजही धरलेला असतो. क्वालिटी बघायची. आणि इथं एक नेहमीचा चकवा आहे: डिश टीव्हीचा सॅटेलाइट ९५ अंशाला आहे, म्हणजे आपल्यापासून फक्त दीड अंश. ६० च्या छत्रीच्या कडेला दीड अंश म्हणजे जेमतेम सात-आठ मिलिमीटर. स्ट्रेंथ फुल्ल, क्वालिटी शून्य असं दिसलं की समजा शेजारच्या घरात शिरलाय. नट एकदम ढिले करायचे नाहीत, अर्धेच, छत्री हातानं सुताएवढी सरकवायची आणि दोन-तीन सेकंद थांबायचं कारण पट्टी उशिरा हलते. घाईघाईत फिरवत राहिलं की बरोबर जागा येऊन निघून जाते आणि टीव्हीपुढं बसलेला "आला आला गेला" ओरडत बसतो. सगळ्यात जास्त क्वालिटी मिळाली की एलएनबी त्याच्या कडीत थोडा डावीउजवीकडं पिळून बघा, त्यानंही चार-पाच टक्के वाढतात. मग नट आवळताना परत पट्टीवर लक्ष ठेवा कारण आवळतानाच छत्री हलते.

समोर डोंगर आहे, यवतेश्वर किंवा दांडोबासारखा. अडथळा येईल का?

सहसा नाही. ६० अंश म्हणजे बरंच वर, डोंगर तेवढ्या उंचीवर येत नाही तुम्ही अगदी कड्याला चिकटून राहत नसाल तर. अडथळा येतो तो जवळच्या गोष्टींचा, नारळ, आंबा, शेजाऱ्याची पाण्याची टाकी. दहा फूट उंच भिंत आग्नेयेला असेल तर तिच्यापासून सहा फूट तरी मागं या. आणि झाड आज नडत नसलं तरी पावसाळ्यात पालवी फुटून ओली पानं समोर येतात तेव्हा नडतं.

पाटण-कोयना, महाबळेश्वर भागात पावसाळ्यात सारखे चॅनेल जातात. दुसरी छत्री वेगळ्या कोपऱ्यात लावली तर?

ढग दोन्ही छत्र्यांवर तोच आहे हो. ११ गिगाहर्ट्झचा सिग्नल जोराच्या पावसात शोषला जातो, ते छत्री कुठल्या कोपऱ्यात आहे यावर अवलंबून नाही. ९० ची छत्री, कोरड्या दिवशी शेवटच्या टक्क्यापर्यंत ट्यून केलेली, नवीन वायर, एवढं केलं तर साध्या पावसात टिकतो, धो धो कोसळताना पाच-दहा मिनिटं जाणारच. महाबळेश्वर-पाचगणीकडं वानरांचाही बंदोबस्त करावा लागतो, ती छत्रीच्या दांड्यावर बसतात आणि लोक पावसाला बोल लावतात. तसंच चाळकेवाडी, वनकुसवडे पठाराच्या बाजूला वारं एवढं असतं की नळीला दोन आधाराच्या सळया दिल्याशिवाय छत्री जागेवर राहत नाही.

पाऊस नाही काही नाही, स्वच्छ ऊन असताना सकाळी अकराच्या सुमाराला चॅनेल जातात आणि आपोआप येतात. काय भानगड?

मार्चच्या मध्यात किंवा सप्टेंबरअखेरीस-ऑक्टोबरच्या सुरुवातीला होत असेल तर ती सूर्याची भानगड आहे. त्या थोड्या दिवसांत सूर्य आपल्याकडनं बघितलं तर बरोबर सॅटेलाइटच्या मागं येतो आणि त्याचा नॉइज सिग्नलला गिळतो. काही मिनिटांचा खेळ, छत्रीला हात लावू नका. एकदा का या वेळी कुणी फिरवली की मग खरोखरच बिघडते.

दोन वेगवेगळ्या सॅटेलाइटच्या छत्र्या एकाच टीव्हीला जोडता येतात का?

येतात, आणि इथं जोडण्याला खरा अर्थ आहे. फक्त इथं सिग्नल एकत्र मिसळायचे नसतात, एका वेळी एकच निवडायचा असतो. त्यासाठी डायसेक स्विच मिळतो, छोटीशी डबी, चार इनपुट एक आउटपुट. प्रत्येक छत्रीची वायर एकेका पोर्टला, आणि आउटपुटमधनं एकच वायर खाली बॉक्सला. तुम्ही चॅनेल बदलला की बॉक्स वायरीतनंच २२ किलोहर्ट्झचे बारीक ठोके पाठवतो आणि डबी त्या पोर्टवर जाते.

सेटिंग करताना बॉक्सच्या मेनूत प्रत्येक सॅटेलाइटसमोर पोर्ट ए, बी, सी, डी यातला बरोबर निवडायचा. निम्म्या तक्रारी याच्याच असतात, वायर बी ला आणि मेनूत ए. एलएनबी टाइप केयू बँडसाठी, म्हणजे आपल्या नेहमीच्या छोट्या छत्रीसाठी, युनिव्हर्सल ९७५०/१०६००, आणि जुनी मोठी जाळीची सी बँड (खालच्या फ्रिक्वेन्सीची) छत्री असेल तर ५१५०. ज्यांच्याकडं ती सहा-आठ फुटी जाळी अजून गंज खात पडलीय त्यांनी भंगारात घालायच्या आधी विचार करावा, सी बँडला पावसाचा त्रास फार कमी होतो. एक पोर्ट फ्री डिश, दुसरा सी बँड, आणि बॉक्स मात्र कुठलाही सॅटेलाइट शोधू देणारा मोकळा एफटीए (फ्री-टू-एअर, फुकटचे चॅनेल दाखवणारा) प्रकारचा पाहिजे.

एकाच छत्रीवर दोन एलएनबी बसवता येतात का? गच्चीत जागा नाही.

सॅटेलाइट किती लांब आहेत त्यावर. ९३.५ आणि ८३ असे दोन पाहिजे असतील, म्हणजे फ्री डिश आणि टाटा प्ले, तर ६० च्या छत्रीवर दोन एलएनबींत साधारण सात सेंटिमीटर अंतर येतं, आरामात बसतात, जोड क्लॅम्प बाजारात मिळतो. मुख्य एलएनबी ९३.५ ला ठेवा. दुसरा, छत्रीच्या मागं उभं राहून बघितलं तर डावीकडं आणि जरा खाली येतो, कारण ८३ चा सॅटेलाइट आकाशात उजवीकडं आणि वर आहे आणि छत्री आरशासारखं उलटं करते. बाजूच्या एलएनबीला सिग्नल थोडा कमीच मिळतो हे धरून चाला.

८८ अंशाचा, म्हणजे डीटूएचचा, फार जवळ येतो, दोन जाड एलएनबी एकमेकांना धडकतात. आणि ९५ तर विसराच, तिथं अंतर सेंटिमीटरभरसुद्धा येत नाही.

पण थांबा. पैसे भरायच्या कंपनीचा बॉक्स वेगळा, फ्री डिशचा वेगळा असेल तर डायसेकची काय गरज? दोन वायरी दोन बॉक्सला, आणि टीव्हीच्या मागं एक एचडीएमआयला एक एव्हीला. रिमोटवरनं सोर्स बदलायचा. उगाच खर्च करू नका. आणि कंपनीनं दिलेल्या छत्रीला हात लावायच्या आधी ती कुणाच्या मालकीची आहे तेही बघा.

एक छत्री, दोन टीव्ही. वर आजी सह्याद्री बघते, खाली पोरं कार्टून. जमेल का?

दोन बॉक्स आणि दोन आउटपुटचा एलएनबी, त्याला ट्विन म्हणतात. दोन वायरी खाली आणा, कोण काय बघतंय याचा दुसऱ्यावर परिणाम नाही. वाड्यात किंवा भावाभावांच्या एकत्र घरात चार टीव्ही असतील तर चार आउटपुटचा मिळतो.

स्प्लिटरनं भागवायचं असेल तर फ्री डिशवर चालून जातं कारण तिचे टीपी व्हर्टिकलचे, म्हणजे उभ्या लहरींचे आहेत. उभ्यासाठी बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देतो, आडव्यासाठी १८. इथं दोन्ही बॉक्स १३ च देतात, भांडण होत नाही. दुसऱ्या कंपन्यांवर एक बॉक्स १३ देतो, एक १८, आणि मग एकाचे निम्मे चॅनेल गायब. शिवाय स्प्लिटर म्हटलं की साडेतीन-चार डेसिबल गेलेच.

आणि स्प्लिटर कुठला घेताय ते बघा! केबलवाल्यांचा स्प्लिटर ५ ते १००० मेगाहर्ट्झचा असतो, छत्रीचा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये येतो. त्यावर २४०० किंवा त्याच्या वरचा आकडा छापलेला असला तरच घ्या. दुकानदार "सगळं एकच असतं" म्हणतो, नसतं.

घरापासून रानातल्या वस्तीवर वायर ओढली, शंभर मीटरच्या आसपास. सिग्नल येत नाही. बूस्टर लावू का?

चांगल्या आरजी-६ वायरीतसुद्धा या फ्रिक्वेन्सीला शंभर मीटरला वीस-पंचवीस डेसिबल जातात, आणि १३ व्होल्टमधलेही बरेच वाटेतच पडतात, एलएनबी अर्धपोटी चालतो. बूस्टर हा छत्रीजवळ लावला तर थोडी मदत करतो, बॉक्सजवळ लावला तर आलेला नॉइजच मोठा करून देतो. वस्तीवर दुसरी छत्री ठोका, शंभर मीटर चांगल्या वायरीपेक्षा स्वस्त पडते. तीस मीटरपर्यंत वायर ठीक.

सगळं केलं, क्वालिटी चांगली आहे, तरी शेजाऱ्यापेक्षा चॅनेल कमी येतात.

मग तो छत्रीचा विषयच नाही. तुमचा बॉक्स जुना एमपीईजी-२ चा असणार (एमपीईजी म्हणजे चित्र दाबून पाठवायची पद्धत, २ जुनी, ४ नवी). फ्री डिशवर बरेच चॅनेल आता एमपीईजी-४ मध्ये आहेत, ते जुन्या बॉक्सला दिसतच नाहीत, कितीही छत्र्या जोडा. बॉक्स बदला, स्कॅन मारा.

जोडणी करताना काय काळजी घ्यायची?

बॉक्सची पिन आधी भिंतीतनं काढा, नुसतं रिमोटनं बंद करून चालत नाही, वायरीत व्होल्टेज असू शकतं आणि कनेक्टर लावताना मधली तार आणि जाळी टेकली की बॉक्समधला सप्लाय जळतो. कनेक्टरमध्ये जाळीचा एक केसही मधल्या तारेला लागता कामा नये, मधली तार कनेक्टरच्या तोंडातनं दोन मिलिमीटर बाहेर दिसली पाहिजे. वायर सोलून पीळ मारून काळी टेप गुंडाळण्याचा आपला राष्ट्रीय जोड इथं चालत नाही.

डायसेकची डबी उघड्यावर ठेवू नका, छत्रीच्या मागच्या बाजूला, कनेक्टर खाली तोंड करून, आणि घरात शिरायच्या आधी वायरीला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथनं गळून जातं. सांगलीत २०१९ च्या महापुरात ज्यांच्या वायरी पाण्याखाली गेल्या त्यातल्या बऱ्याच जणांनी बॉक्स बदलले पण वायर तीच ठेवली. पाणी जाळीतनं आत चढत जातं, बाहेरनं वायर नवीकोरी दिसते. टोक कापून बघायचं, आतली जाळी काळी किंवा हिरवट पडली असेल तर अख्खी वायर टाकून द्या.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर गडगडायला लागलं की पाऊस पडायची वाट न बघता वायर बॉक्समधनं काढून ठेवा. आणि जुन्या अँटेनाची उंच नळी अजून स्लॅबवर उभी असेल, जिला आता काही कामच नाही, ती उतरवून घ्या. नवी छत्री नुसत्या एका क्लॅम्पनं त्याच जुन्या नळीवर बसवलेली बऱ्याच ठिकाणी बघायला मिळते, ती नळी खालनं गंजलेली असते आणि वाऱ्यानं छत्री रोज थोडी थोडी फिरते. नवी छत्री स्लॅबला चार फास्टनर मारून सरळ बसवा, बुडाला लेव्हल लावून.